दाढ काढण्याआधी तोंड किती उघडतं ते मोजा: महाराष्ट्रातल्या दंतवैद्यांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. 'आ' म्हणताना जबडा किती खाली येतो, 'ई'ला ओठ कसे फाकतात, हे मुलं माझ्या तोंडाकडे बघून शिकतात. २०२४ च्या जानेवारीत एका सकाळी उठले आणि तोंड उघडेना. एकावर एक ठेवलेली दोन बोटंही दातांमधून आत जाईनात. आदल्या दिवशी शेतावर हुरडा झाला होता, ऊसही दातांनीच सोलला होता. त्याआधी चारेक वर्षं जांभई देताना उजव्या कानाजवळ 'कट्' असा आवाज यायचा. त्या सकाळपासून तो आवाज थांबला आणि तोंडही अडकलं. आवाज थांबणं आणि तोंड अडकणं एकाच वेळी व्हावं, हीच जबड्याचा सांधा अडकण्याच्या या आजाराची मोठी खूण होती. ते मला कळायला साडेचार महिने लागले.

त्या साडेचार महिन्यांत मी पाच ठिकाणी गेले. कुणाचंही नाव मला घ्यायचं नाही, कारण त्यातल्या कुणीही मुद्दाम वाईट केलं असं मला वाटत नाही. पहिल्या ठिकाणी कानात घालायचे थेंब आणि वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. कान साफ होता, पण दुखणं कानाशीच होतं म्हणून थेंब. दुसऱ्या ठिकाणी एक्स-रे काढून अक्कलदाढ वाकडी असल्याचं सांगितलं. नीट न उघडणाऱ्या तोंडात अवजारं घालून ती दाढ काढली गेली, त्यात तासभर गेला. त्या तासानंतर जबडा आणखी जखडला. तिसऱ्या ठिकाणी "चावा बसत नाही" म्हणून वरच्या दोन चांगल्या दाढा घासल्या आणि पुढच्या वेळी सहा कॅप बसवू असं सांगितलं. चौथ्या ठिकाणी पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, गुटखा किती वर्षांपासून?" मी आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही. पाचव्या ठिकाणी सगळं टेन्शनचं आहे, योगा करा, असं सांगितलं गेलं.

या पाचपैकी एकाही ठिकाणी माझं तोंड किती मिलिमीटर उघडतं हे कुणी मोजलं नाही. म्हणून हे पत्र.

सहाव्या ठिकाणी, रात्रीच्या एसटीने अर्ध्या तिकिटात गाठलेल्या मोठ्या शहरातल्या एका दंत महाविद्यालयात, तोंडाच्या शस्त्रक्रियांच्या विभागातल्या डॉक्टरांनी खुर्चीत बसवल्यावर पहिल्यांदा खिशातून प्लॅस्टिकची छोटी पट्टी काढली. वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत २४ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावावीत. मग त्यांनी मला सावकाश तोंड उघडायला सांगितलं आणि आरसा दिला. माझी हनुवटी उजवीकडे सरकत होती. मी साडेचार महिने आरशासमोर वेणी घालत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी बोटं माझ्या दोन्ही कानांपुढे ठेवली, गाल आतून चाचपला आणि म्हणाले, "गाल मऊ आहे. हा गुटख्याचा आजार नाही, हा सांधा अडकलाय. उजवा."

तेव्हापासून मी या सांध्याबद्दल समजून घेत आले आहे, आणि जे समजलं त्याने मला आश्चर्य वाटत राहिलं. जबड्याचं हाड जिथे कवटीला टेकतं तिथे मध्ये कूर्चेसारख्या चिवट धाग्यांची एक गादी असते. तोंड उघडताना सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग गादीसकट पुढे घसरतो. ती गादी पुढे निसटलेली असली आणि तोंड उघडताना परत जागेवर आली, की 'कट्' वाजतं. नुसतं वाजतं, दुखत नाही, अडकत नाही, तोवर बहुतेकांना काहीही करायची गरज नसते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आवाज ऐकून घाबरलेल्या माणसाला घाबरवून उपचार विकणं सोपं असतं. गादी परत जागेवर यायची थांबली की आवाज जातो आणि जबडा पुढे घसरायचाही थांबतो. ज्या बाजूचा सांधा अडकला त्या बाजूला हनुवटी ओढली जाते. एवढं ओळखायला यंत्र लागत नाही. एमआरआय नंतर केला, त्यात तेच दिसलं जे पट्टीने आणि आरशाने आधी सांगितलं होतं.

उपचार कसा झाला तो सविस्तर सांगते, कारण 'जबड्याचं ऑपरेशन' हा शब्द ऐकून माझ्या घरचे आठवडाभर जेवले नव्हते.

पहिले सहा आठवडे सुई नाही, चाकू नाही. रात्री घालायचा पारदर्शक कडक स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारा साचा, मऊ जेवण, ओला शेक, आणि फिजिओथेरपिस्ट ताईंनी समोर बसून करवून घेतलेले व्यायाम. त्यातला पहिला धडा मी आता वर्गात मुलांनाही देते: 'न' म्हणताना जीभ वर जिथे टेकते तिथे ती टेकवून ठेवायची, ओठ मिटलेले आणि दात सुटे. दिवसभर आपले वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचं कारण फक्त खाणं आणि गिळणं. मी मात्र वह्या तपासताना, गाडी चालवताना, भांडण ऐकताना दात आवळून बसत होते. आपल्याकडे 'दातओठ खाणे' हा वाक्प्रचार रागासाठी वापरतात. मी न रागावता रोज दात खात होते. झोपेत दात खाणाऱ्या पोराला जंत झाले म्हणून सगळेच म्हणतात, मोठ्या बाईने झोपेत दात खाल्ले तर तिला कोणी काही म्हणत नाही.

सहा आठवड्यांत दुखणं निम्म्याहून कमी झालं. ते स्प्लिंटमुळे की व्यायामामुळे की निदान कळल्याच्या सुटकेमुळे, हे मी सांगू शकत नाही. तोंड मात्र २८ मिलिमीटरवरच थांबलं. तेव्हा डॉक्टरांनी सांधा धुवायचं सुचवलं. मला कळावं म्हणून त्यांनी विचारलं, "घरी स्टीलचा पेला पेल्यात अडकला की काय करता?" मी म्हणाले, "कडेने पाणी सोडते." ते म्हणाले, "आपण तेच करणार."

खुर्चीत अर्धवट आडवं केलं. कानाच्या पुढच्या उंचवट्यापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पेनाने रेघ आखली, रेघेवर मोजून दोन खुणा केल्या. जागेवरची भूल. पहिली सुई सांध्याच्या वरच्या कप्प्यात, तिच्यातून थोडं पाणी भरून कप्पा फुगवला, मग दुसरी सुई. एकीतून रिंगर लॅक्टेट आत, दुसरीतून बाहेर. सलाईनची तीच बाटली जी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात खाटेच्या दांडीला लटकलेली असते. मधेच डॉक्टरांनी अंगठ्याने माझा जबडा खाली-पुढे ओढला आणि आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. दुखलं नाही, पण मला रडू आलं. सुया निघाल्या, कानापुढे दोन ठिपक्यांएवढी पट्टी. सगळं मिळून पाऊण तासही लागला नाही. त्याच खुर्चीत मोजलं तेव्हा ३७. भुलीमुळे उजवी पापणी दोन तास नीट मिटत नव्हती, हे आधी सांगितलेलं असल्यामुळे घाबरले नाही. गालाला सूज दोन दिवस. मऊ खिचडी आणि पेज, पण व्यायाम त्याच संध्याकाळपासून. तीन महिन्यांनी ४१. आज दीड वर्षानंतरही ४१.

ही पद्धत नवी नाही. १९७५ मध्ये जपानच्या मासातोशी ओनिशी यांनी या छोट्या सांध्यात दुर्बीण घालून दाखवली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्यावर लक्षात आलं की पुष्कळ रुग्णांचं तोंड नुसतं आतून धुतल्यानेच उघडतं, गादी जागेवर आणली नाही तरी. त्यावरून १९९१ मध्ये जेरुसलेमच्या डोरिट निट्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बीणही वगळली आणि दोन सुयांनी सांधा धुण्याची रीत प्रसिद्ध केली. तीस वर्षांहून जास्त झाली. तुमच्या पुस्तकांत ती आहे. माझ्यासारख्या पेशंटपर्यंत ती का पोचत नाही, हा माझा प्रश्न आहे.

आता एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवी, नाहीतर हे पत्र वाचून उद्या जो तो सुया मागत येईल. सांधा धुणं हा जबड्याच्या प्रत्येक दुखण्यावरचा उपाय नाही. ज्यांनी माझा सांधा धुतला त्यांनीच हे मला सांगितलं. २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशी तीन महिन्यांहून जुन्या जबड्याच्या दुखण्याबद्दल आहेत. त्यांत सर्वात ठाम कौल देखरेखीखालच्या जबड्याच्या व्यायामांना, हाताने केलेल्या स्नायूंच्या उपचारांना आणि दुखण्याशी जगायला शिकवणाऱ्या मानसोपचाराला आहे. सांधा धुणं, स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन, अगदी काढता-घालता येणारा स्प्लिंटसुद्धा, नुसत्या जुन्या दुखण्यासाठी सहसा वापरू नयेत असं त्यात म्हटलं आहे. आणि दातांची ठेवण कायमची बदलणारे स्प्लिंट व गादी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांच्या विरोधात ठाम शिफारस आहे. माझं प्रकरण दुखण्यापेक्षा अडकण्याचं होतं, आणि साधे उपाय करून झाल्यावरही ते अडकलेलंच राहिलं, म्हणून सुई. हा क्रम मला सुईपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

या क्रमाची किंमत पूर्वी लोकांनी मोजली आहे. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टन या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी या त्रासाचा संबंध पडलेल्या दाढांशी आणि त्यामुळे खाली दबलेल्या चाव्याशी जोडला. तेव्हापासून कित्येक दशकं जगभर चांगले दात घासले गेले, कॅप बसवल्या गेल्या. माझ्या दोन दाढा त्या जुन्या विचाराच्याच रांगेत उभ्या आहेत. १९८० च्या दशकात अमेरिकेत गादीच्या जागी टेफ्लॉनचे कृत्रिम पडदे बसवले गेले. चावून चावून त्यांचे तुकडे झाले, शरीराने त्या तुकड्यांशी झगडा मांडला, हाडं झिजली, आणि १९९० च्या सुमारास तिथल्या औषध प्रशासनाला ते मागे घ्यायला लावावं लागलं. तोवर त्या पेशंटांच्या अंगावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. जे केलं ते परत उलटवता येईल का, हा प्रश्न आधी विचारायचा धडा या सांध्याने इतकी माणसं दुखावून दिला आहे. घासलेली दाढ पुन्हा वाढत नाही.

तुमच्या बाजूचंही मला दिसतं. तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणं, खुर्ची, कॉम्प्रेसर, भाडं, हप्ते. दाढ काढली, रूट कॅनॉल केलं, कॅप बसवली तर त्याचा दर ठरलेला असतो. पेशंटला समोर बसवून वीस मिनिटं जीभ कुठे ठेवायची, किती वेळा तोंड उघडायचं, काय खायचं नाही, हे शिकवण्याचा दर कुणी ठरवलेला नाही, आणि मागायला संकोच वाटतो. माझी विनंती आहे: त्या वीस मिनिटांची फी घ्या. उघडपणे घ्या, फलकावर लिहा. मी चुकीच्या वाटांवर साडेअकरा हजार रुपये खर्च केले. त्यातले पाचशे पहिल्याच दिवशी अशा वीस मिनिटांसाठी आनंदाने दिले असते.

गुटख्याच्या प्रश्नाबद्दल मला राग नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि माझ्या शाळेच्या कुंपणाबाहेर रिकाम्या पुड्या मी रोज बघते. सुपारीने गाल आतून कडक, पांढरट होऊन तोंड आखडलेले तरुण या भागात घरोघरी आहेत. त्यांना तिखट लागलं की तोंडाची आग होते. तुम्हाला तेच आधी आठवणं साहजिक आहे. पण त्याचमुळे दोन्हीकडून चूक होते. माझ्यासारखीला गुटख्याच्या खात्यात टाकलं जातं, आणि जो खरंच सुपारीने आखडलाय त्याला "सांध्याचं असेल" म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं तर कॅन्सरकडे जाणारी वाट कुणाच्या लक्षात येत नाही. गालाच्या आत एक बोट फिरवलं की फरक कळतो, हे मी माझ्या डॉक्टरांना करताना पाहिलं आहे.

आणि मुलांबद्दल. हे मी शिक्षिका म्हणून लिहिते. चिंचेच्या झाडावरून, बैलगाडीवरून, पाण्याच्या टाकीवरून मुलं हनुवटीवर पडतात. हनुवटीला दोन टाके घातले जातात, सगळे विसरतात. पण हनुवटीवर बसलेला मार वर कानाजवळच्या सांध्यापर्यंत जातो. तिथलं हाड मोडून चुकीचं जुळलं तर जबडा कवटीला हळूहळू चिकटून जातो. मग मूल डबा खाताना पोळीचा तुकडा बोटांनी चिमटून दातांच्या फटीतून आत ढकलतं, हनुवटी वाढत नाही, चेहरा एका बाजूला राहतो, झोपेत घोरतं. तिथे सुया आणि पाणी उपयोगाचं नाही, तिथे उघडी शस्त्रक्रियाच लागते आणि ती वेळेत लागते. हनुवटीला टाके घालणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने त्या मुलाचं तोंड उघडून बघावं, आठवड्याने, महिन्याने पुन्हा बघावं, आणि आईला सांगावं की तोंड कमी उघडायला लागलं तर थांबू नकोस. आमच्या शाळेत आता कुणी पडलं की आम्ही तीन बोटांची तपासणी करतो आणि तारीख लिहून ठेवतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या हातात नाही, पण तुमच्या संघटनांचा आवाज सरकारपर्यंत आणि विमा कंपन्यांपर्यंत जातो. बऱ्याच आरोग्य विमा पॉलिसींत अपघात सोडून 'दंतोपचार' वगळलेले असतात. गुडघ्याचा सांधा धुतला तर तो सांधा, आणि जबड्याचा धुतला तर तो दात, असं होऊन बसतं. माझं बिल याच शब्दावर परत आलं. हा सांधा आहे, असं लेखी सांगणारं तुमच्याशिवाय कोण आहे?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर आहे, खासगी महाविद्यालयं तर पुष्कळ आहेत. नोंदणी चालू ठेवायला तुम्हाला शिक्षणाचे गुण मिळवावेच लागतात. त्यातला एक दिवस राज्य दंत परिषदेने जबड्याच्या सांध्याला द्यावा. विषय एवढाच: मोजणं, हनुवटी कुठे सरकते ते बघणं, गाल चाचपणं, पहिल्या सहा आठवड्यांचा घरचा उपचार, आणि कुणाला पुढे पाठवायचं व कुणाला पाठवायची गरज नाही. त्या दिवशी फिजिओथेरपिस्टांनाही शेजारी बसवा, कारण माझं निम्मं बरं होणं त्यांच्या हातचं आहे. आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांना बोलवा, कारण कान दुखला की आम्ही आधी त्यांच्याकडेच जातो.

ज्या महाविद्यालयांत हा सांधा बघणारे डॉक्टर आहेत त्यांनी एक कागद काढावा: कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या खोलीत, येताना कोणते जुने एक्स-रे आणायचे. मराठीत, मोठ्या अक्षरात. जिल्हा परिषदेच्या शाळा गावोगाव आहेत. तो कागद मला मिळाला तर मी आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या फलकावर लावीन, आरोग्य उपकेंद्रातल्या आशाताईंना देईन, आणि रात्रीची कोणती एसटी सकाळच्या ओपीडीला वेळेत पोचते तेही खाली लिहून ठेवीन.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
जिल्हा हिंगोली